राजूर घाट, दुपारी १२:५२

दुपारी १२:५२ वाजता मलकापूरहून बुलढाण्याकडे चढणाऱ्या एका गाडीचं इंजिन राजूर घाटात बंद पडतं. ते पुन्हा चालू होत नाही. सहा मिनिटांनी गाडीतल्या एका माणसाचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजतो. तोवर डॅशबोर्डवरची तापमानाची सुई एकदाही मधल्या रेघेच्या वर गेलेली नसते.

गाडी, माणसं आणि मिनिटं इथं मांडणीसाठी जुळवली आहेत. बिघाड, ओहमचे आकडे आणि त्यातून ओढवणारा शेवट मात्र खरा आहे. उन्हाळ्यात कुठल्याही घाटात तो घडू शकतो.

सात महिने आधी

दिवाळीनंतर गाडी धुवायला जाते. पेट्रोलवर चालणारी, सात वर्षं जुनी, पाच जणांची गाडी. धुणारा मुलगा बॉनेट उघडून इंजिनावरही प्रेशरचं पाणी मारतो. इंजिन चकचकीत दिसतं.

थर्मोस्टॅटच्या घराजवळ पितळी बूड असलेला, अंगठ्याएवढा एक सेन्सर बसवलेला आहे. त्याला दोन तारा जातात आणि त्या एका काळ्या प्लॅस्टिकच्या कपलरमध्ये अडकतात. कपलरच्या आतली रबरी सील एका बाजूनं चिरलेली आहे. पाण्याचे काही थेंब आत जातात आणि तिथंच राहतात.

पाच महिने आधी

लग्नाची बोलणी करायला गाडी संग्रामपूर तालुक्यात जाते. कूलंटची बाटली खालच्या खुणेच्याही खाली गेलेली दिसते. सेन्सरच्या आट्यांमधून थेंब थेंब झिरपतंय, पण ते कोणाच्या लक्षात येत नाही. गाडीमालक जवळच्या बोअरचं दीड लिटर पाणी ओततो.

हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारं आहे. पिण्याच्या पाण्यासाठी तिथल्या लोकांनी काय सोसलं आहे, ते वऱ्हाडाला ठाऊक आहे. माणसाच्या मूत्रपिंडाला जे पाणी नको, ते अॅल्युमिनियमच्या इंजिनालाही नको. पण हा विचार बाटलीत पाणी ओतताना कोणी करत नाही.

आता झिरपणाऱ्या थेंबांतही मीठ आहे. कपलरच्या पिनेवर हिरवा थर धरू लागतो.

तीन आठवडे आधी

चेक लाइट लागतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला जातो. कोड येतो पी०१२८: इंजिनाचं पाणी थर्मोस्टॅटच्या ठरलेल्या तापमानापर्यंत पोचत नाही.

या कोडचा पहिला संशय थर्मोस्टॅटवर जातो आणि तो रास्तही असतो. थर्मोस्टॅट उघडाच राहिला तर पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं आणि इंजिन गरम व्हायला वेळ लागतो. मेकॅनिक जुना काढून नवा बसवतो. कोड पुसतो. बिल दिलं जातं.

आठ दिवसांनी तोच कोड पुन्हा येतो.

इथं थोडं थांबायला हवं, कारण पुढचं सगळं इथंच ठरतं. तो सेन्सर म्हणजे एक थर्मिस्टर. तापमान वाढलं की त्याचा विद्युतरोध उतरतो. नेहमी वापरात असलेल्या एका प्रकारात २० अंशांना तो अडीच हजार ओहम असतो, ८० अंशांना सुमारे ३२२, १०० अंशांना १८६ आणि १२० अंशांना ११३. गाडीचा संगणक, म्हणजे ईसीयू, त्या तारेवर ५ व्होल्ट सोडतो, किती व्होल्ट उरले ते पाहतो आणि त्यावरून तापमान काढतो. त्याला पाणी दिसत नाही. त्याला फक्त ओहम कळतात.

कपलरमधल्या हिरव्या थरानं आतापर्यंत दीडशे ओहमची भर घातली आहे. पाणी खरोखर ८८ अंशांवर असताना सेन्सरचे २५७ आणि गंजाचे १५० मिळून ४०७ ओहम होतात. ईसीयू वाचतो ७३ अंश. थर्मोस्टॅट निर्दोष होता.

तार तुटली असती तर ईसीयूला उणे ४० अंश दिसले असते. मे महिन्यातल्या बुलढाण्यात उणे ४० अंश असू शकत नाहीत, हे त्याला कळतं. त्यानं सर्किट तुटल्याचा कोड दिला असता आणि बहुतेक गाड्यांत सावधगिरी म्हणून रेडिएटरचा फॅन कायमचा चालू ठेवला असता. मेलेला सेन्सर गाडीला सांभाळून घेतो. पटण्याजोगं खोटं सांगणारा सेन्सर तिला मारतो.

गाडीमालक विचारतो, सेन्सर तर खराब नसेल?

मेकॅनिक अनुभवी आहे आणि टाळाटाळ करणारा नाही. तो गाडी रात्रभर ठेवून घेतो. सकाळी थंड इंजिनावर स्कॅनर लावतो. आत येणाऱ्या हवेचं तापमान २५ अंश, कूलंटचं २३. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत हे दोन आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत आणि ते तसे आहेत. ही तपासणी पुस्तकातली आहे.

“भाऊ, सेन्सर खराब असता तं इथंच दिसला असता,” तो म्हणतो.

थंडीत सेन्सरचा स्वतःचा रोध दोन हजारांच्या वर असतो. त्यात दीडशे मिसळले तर एक-दोन अंशांचाच फरक पडतो. तेच दीडशे ओहम शंभर अंशांना वीस-बावीस अंशांचा घोळ घालतात. थंड इंजिनावरची चाचणी ज्या ठिकाणी घेतली गेली, तिथं हा बिघाड दिसतच नाही. गरम इंजिनावर थर्मोस्टॅटच्या घरावर इन्फ्रारेड गन धरून तो आकडा स्कॅनरशी ताडायला पाच मिनिटं लागली असती.

कोड पुन्हा पुसला जातो.

सकाळी ७:०५ — ५ तास ४७ मिनिटं शिल्लक

गाडी बुलढाण्याहून निघते. घरी लग्न आहे. मुंबईकडून रेल्वेनं येणाऱ्या पाहुण्यांना मलकापूर स्टेशनवरून आणायचं आहे. अंतर पंचेचाळीसेक किलोमीटर.

बुलढाणा समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे आणि मलकापूर त्याच्या चारशे मीटर खाली, पूर्णेच्या खोऱ्यात. जाताना सगळा उतार लागतो. इंजिनावर भार नाही, सकाळची हवा आहे. घाट उतरताना सुई मधल्या रेघेच्या किंचित खाली असते. तीन आठवडे ती तिथंच आहे.

सकाळी ८:२० — ४ तास ३२ मिनिटं

मलकापूर स्टेशन. रेल्वेला उशीर आहे. गाडीमालक सावली शोधतो, ती मिळत नाही. तो एसी लावून बसतो आणि इंजिन अधूनमधून चालू ठेवतो.

एसी चालू असला की रेडिएटरचा फॅनही फिरतो. एसीच्या कंडेन्सरला वारा लागतो म्हणून त्याला वेगळा हुकूम असतो आणि तो कूलंटच्या तापमानावर अवलंबून नसतो. तीन आठवडे गाडी उन्हाळ्यात चालली आणि तापली नाही, याचं कारण एवढंच. या तीन आठवड्यांत एसी बंद करून, गरम इंजिन जागेवर चालू ठेवून, फॅन आपणहून लागतो का हे कोणीही पाहिलेलं नाही. मे महिन्यात एसी कोण बंद करतो?

सकाळी १०:५५ — १ तास ५७ मिनिटं

रेल्वे येते. मामा, मामी आणि मामेभाऊ. चार मोठ्या बॅगा, आंब्याची एक पेटी. डिकी भरते, उरलेलं मागच्या सीटवर पायाशी जातं.

सकाळी ११:२८ — १ तास २४ मिनिटं

पेट्रोल पंप. बाहेर ४३ अंश. गाडीमालक टाकी भरतो आणि मनातल्या मनात हिशेब करतो. लिटरमागे दीड किलोमीटर कमी पडतंय. इंजिन अजून पुरतं तापलेलं नाही, असं समजून ईसीयू अधूनमधून पेट्रोल जास्त सोडतो आहे. गाडीमालक दोष एसीला देतो.

हवा भरणारा मुलगा विचारतो, “पानी पाहू का, काका?”

बॉनेट उघडलं असतं तर बाटली रिकामी दिसली असती आणि कदाचित कपलरच्या खाली वाळलेला पांढरा-हिरवा ओघळही. मंगलाष्टकं संध्याकाळची आहेत, पण मामींना उन्हाचा त्रास होतो आहे.

“राहू दे, घाईत आहो.”

दुपारी १२:०४ — ४८ मिनिटं

मोताळा. रसवंतीवर बारा मिनिटं थांबणं होतं. गाडीजवळ गोडसर वास येतो. मामेभाऊ तो ओळखीचा म्हणून सांगतो, उसाचा रस उतू गेल्यासारखा. गरम धातूवर पडलेल्या कूलंटमधल्या ग्लायकॉलचा वासही गोडच असतो. रसवंतीच्या दारात दोन्हींतला फरक कळणं कठीण.

दुपारी १२:२७ — २५ मिनिटं

राजूर मागे पडतं, घाट सुरू होतो. पुढे भरलेला ट्रक. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, वेग ताशी वीस. इंजिन जोरात फिरतंय आणि समोरून वारा जवळजवळ नाही.

पेट्रोल जळून जी उष्णता होते, तिचा ढोबळमानानं तिसरा हिस्सा पाण्यानं वाहून न्यायचा असतो. सपाट रस्त्यावर वेगाचा वारा ते काम करतो. घाटात ते सगळं फॅनवर येतं. फॅन फिरतो आहे, कारण एसी चालू आहे. पाण्याचं खरं तापमान ९२ अंश.

दुपारी १२:२९ — २३ मिनिटं

“एसी बंद कर रे बाप्पा, घाट लागला. गाडीले लोड येते,” मामा म्हणतात.

हा सल्ला चुकीचा नाही. पिढ्यानपिढ्या ड्रायव्हर मंडळी घाटात हेच करत आली आहेत. एसीचा कंप्रेसर इंजिनाची ताकद खातो, तो बंद केला की पिकअप मिळतो.

गाडीमालक बटण दाबतो. काचा खाली करतो. एसीबरोबर फॅनही थांबतो. ईसीयूच्या हिशेबी पाणी ७५ अंशांवर आहे. बहुतेक गाड्यांत फॅन ९५ ते १०० अंशांच्या दरम्यान कुठंतरी लागतो. तो लावायचं कारण ईसीयूला दिसत नाही.

२८ मार्च १९७९ च्या पहाटे, चार वाजता, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात असंच घडलं. दाब सोडणारी एक झडप उघडीच अडकली होती. पॅनेलवरचा दिवा मात्र ती बंद झाल्याचं सुचवत होता, कारण तो झडप पाहत नव्हता, झडपेला दिलेला हुकूम पाहत होता. समोरच्या खुणांवर विश्वास ठेवून कर्मचाऱ्यांनी आपत्कालीन थंड पाण्याचा पुरवठा जवळजवळ बंद केला. अणुभट्टीचा निम्म्याच्या आसपास गाभा वितळला. तिथं प्रशिक्षित माणसं होती. इथं लग्नाचे पाहुणे आहेत.

दुपारी १२:३१ — २१ मिनिटं

पुढे वळणावर एक ट्रक बंद पडला आहे. वाहनं एकेका बाजूनं सोडली जात आहेत. गाडी उभी राहते, इंजिन चालू. खरं तापमान ९६.

दुपारी १२:३५ — १७ मिनिटं

१०४. ईसीयू वाचतो ८०.

दुपारी १२:३९ — १३ मिनिटं

११२. ईसीयू वाचतो ८४. रांग हलते, थांबते, पुन्हा हलते. मामी पाण्याची बाटली पुढे करतात.

पूर्वीच्या पुष्कळ गाड्यांत काट्यासाठी एक आणि इंजिनासाठी दुसरा, असे दोन सेन्सर असत. आता एकच असतो. फॅन लावणं, सुई हलवणं, लाल दिवा पेटवणं, इंजिन तापलं तर एसी तोडणं, ही चारही कामं त्या एकाच्या सांगण्यावरून होतात. ड्रायव्हरला वाटतं आपल्याकडे चार साक्षीदार आहेत. चौघांनीही एकाचंच ऐकलेलं असतं.

दुपारी १२:४४ — ८ मिनिटं

१२०. ईसीयू वाचतो ८७. हे निरोगी इंजिनाचं तापमान आहे. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच सुई बरोबर मधल्या रेघेवर येते.

“आता बरोबर आली पाहा,” गाडीमालक म्हणतो.

दुपारी १२:४५ — ७ मिनिटं

रेडिएटरचं झाकण १.१ बारचा दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी शंभराला उकळत नाही. निम्मं कूलंट, निम्मं पाणी असं योग्य मिश्रण असतं तर ते साधारण १२८ अंशांपर्यंत टिकलं असतं. संग्रामपूरच्या पाण्यानं ते पातळ झालं आहे. इंजिनाच्या हेडच्या सर्वांत तापलेल्या कोपऱ्यात बुडबुडे धरतात. दाब वाढतो, झाकणाची स्प्रिंग उचलते, पाणी बाटलीत आणि बाटलीतून रस्त्यावर जातं.

मागून आलेला दुचाकीवाला गाडीच्या पुढच्या चाकाकडे हात करतो आणि निघून जातो. गाडीत समजतात, तो साईड मागत होता.

दुपारी १२:४८ — ४ मिनिटं

सुई खाली येते.

पाणी इतकं घटलंय की सेन्सरचं टोक आता पाण्यात नाही, वाफेत आहे. वाफ आणि हवा यांचं मिश्रण पाण्यासारखी उष्णता धातूला देत नाही. सेन्सर निवतो. ईसीयू वाचतो ७१. या क्षणी हेडमधला अॅल्युमिनियम गेल्या सात वर्षांत कधी नव्हता इतका तापलेला आहे.

गाडीमालक सुईकडे बघतो. रस्ता मोकळा झाला आहे. तो ॲक्सिलरेटर दाबतो.

दुपारी १२:५० — २ मिनिटं

चढावर टकटक आवाज येतो. पिकअप नाही. इंजिन इतकं तापलंय की ठिणगीची वाट न पाहता पेट्रोल भलत्या ठिकाणी पेट घेतं आहे. गाडीमालक पहिला गिअर टाकतो आणि पाय आणखी दाबतो. वरचं वळण दिसतंय. तिथं गाडी बाजूला घेऊ, असं तो ठरवतो.

दुपारी १२:५२

अॅल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतो. हेडला पोलादी बोल्टांनी आवळून धरलेलं आहे. फुगायला जागा न मिळाल्यानं ते वाकतं. हेडखालची गॅस्केट दोन सिलिंडरांच्या मधोमध फाटते. पिस्टन सिलिंडरच्या भिंतीला धरतात.

इंजिन धक्का देऊन थांबतं. डॅशबोर्डवर ऑइलचा आणि बॅटरीचा दिवा लागतो. तापमानाचा लाल दिवा लागत नाही.

दुपारी १२:५८

बॉनेटमधून वाफ येते आहे, पण फार नाही. मामेभाऊ म्हणतो, पाणी संपलंय, आपण भरू. सुई खालीच आहे, म्हणजे गाडी गार आहे. तो ओला टॉवेल घेऊन रेडिएटरचं झाकण फिरवतो.

खालच्या भागात उरलेलं दीड-दोन लिटर पाणी दाबाखाली आहे. दाब सुटताच ते एका क्षणात उकळतं.

त्याच्या हातावर मामी बाटलीतलं पिण्याचं पाणी ओततात. त्या वेळी करण्याजोगं तेच होतं आणि ते त्यांनी केलं. मागून आलेली जीप त्याला बुलढाण्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नेते.

तीन दिवसांनी

गाडी टोचन करून दुसऱ्या गॅरेजमध्ये आणली आहे. ऑइलची कांडी काढली तर चहासारखं दुधाळ ऑइल लागतं. हेड उतरवलं जातं, त्यावर पट्टी ठेवली जाते आणि पट्टीखालून उजेड दिसतो.

तिथला मेकॅनिक मग एक गोष्ट करतो, जी कोणी सांगितलेली नाही. तो सेन्सर काढतो आणि दोरीला बांधून उकळत्या पाण्याच्या पातेल्यात सोडतो. बुलढाण्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. मल्टिमीटर १९५ ओहम दाखवतो. सेन्सर ठणठणीत आहे.

नंतर तो मल्टिमीटरचं एक टोक कपलरच्या पिनेला आणि दुसरं ईसीयूकडच्या तारेला लावतो. तिथं एक ओहमही यायला नको. येतात १५०. तो तार बोटानं हलवतो: १४०, १७०, १५०. कपलर उघडतो आणि पिन नखानं खरवडतो. नखाला हिरवा भुगा लागतो.

पहिल्या मेकॅनिकनं सेन्सर निर्दोष ठरवला होता आणि तो निर्दोषच होता. त्याचा निष्कर्ष बरोबर होता. दोन पिनांमधली ती दोन मिलिमीटर जागा तेवढी कोणी तपासली नाही.

नवा कपलर शे-दोनशे रुपयांत येतो. इंजिनाचं बिल पाच आकडी होतं. मामेभावाचा हात बरा व्हायला पावसाळा उजाडतो.

चेक लाइटचा तोच कोड दुसऱ्यांदा आला, तर तो पुसून घेऊ नका. उन्हाळ्यात घाट चढण्याआधी एकदा गाडी वीस मिनिटं चालवा, उभी करा, एसी बंद करा आणि इंजिन चालूच ठेवा. फॅन आपणहून लागायला हवा आणि थोड्या वेळानं थांबायला हवा. बराच वेळ वाट पाहूनही तो लागला नाही, तर इंजिन बंद करा आणि सुई काय सांगते ते न पाहता गाडी गॅरेजला द्या. आणि नुकत्याच बंद पडलेल्या गाडीच्या रेडिएटरच्या झाकणाला तासभर कोणालाही हात लावू देऊ नका.